खांद्याचं दुसरं ऑपरेशन आणि योजनेचे दहा दिवस

मंडळी, आज राजकारण नाही. कोण कोणाच्या गाडीत बसला, कोणाचं तिकीट कापलं, ते उद्या पाहू. आज खांद्यावर लिहितो. पोस्ट मोठी आहे आणि सोंगणीचे दिवस आहेत हे माहीत आहे. रात्री जेवण झाल्यावर निवांत वाचा, पण वाचा.

केनवड, रिसोड, मालेगाव या आपल्या पट्ट्यात फिरताना मला अशी माणसं भेटतात ज्यांच्या खांद्याचं एकदा ऑपरेशन झालेलं आहे आणि तरी खांदा कामाचा राहिलेला नाही. कोणी बाजार समितीत हमाली करणारा, कोणी मळणीयंत्रावर जाणारा, कोणी फवारणीच्या रोजानं जाणारा. कहाणी साधारण सारखीच. खांद्यात कळ निघाली, आधी मालिश, मग गावातल्या डॉक्टरची सुई, मग मोठ्या शहरात एमआरआय, "नस फाटली आहे", दुर्बिणीचं ऑपरेशन, टाके निघाले, घरी. आणि सहा-आठ महिन्यांनी हातात तोच खांदा. त्यातला एक जण मला म्हणाला, "भाऊ, अगोदर दुखे तरी हात वर जाये. आता दुखते बी अन् हात बी वर जात नाही. अन् डॉक्टर म्हणते पुन्हा करा लागीन."

हे "पुन्हा करा लागीन" म्हणजे नेमकं काय, ते का करावं लागतं, आणि आपल्यासारख्या भागात ते माणसाला कुठे नेऊन सोडतं, यावर कोणी लिहीत नाही. डेंग्यूवर बातमी होते, अपघातावर होते. बसलेल्या खांद्यावर होत नाही.

आधी शरीराचं समजून घेऊ. आपण ज्याला "नस" म्हणतो ती इथे नस नसते. दंडाचा जो गोळा आपण पोरांना फुगवून दाखवतो तो बायसेप्स. त्याला वरच्या बाजूला दोन टोकं असतात, नावाचा अर्थच दोन डोक्यांचा असा आहे. त्यातलं एक टोक म्हणजे लांब दोरीसारखी कंडरा. ती दंडाच्या हाडाच्या खाचेतून वर जाते, खांद्याच्या सांध्यात शिरते आणि वाटीच्या वरच्या कडेला चिकटते. खांद्याची ही वाटी म्हणायला वाटी, खरं तर बशीइतकी उथळ. म्हणून तिच्या भोवती एक मऊ गादीसारखी कड असते. दोरी आणि कड जिथे जुळतात तिथेच बहुतेक भानगड होते. जोरात वजन उचलताना झटका बसला, पडताना हात टेकला, वर्षानुवर्षं डोक्यावरून हात फिरवला, की ती कड तिथून सुटते. १९९० च्या सुमारास अमेरिकेतल्या डॉक्टरांनी या दुखापतीला स्लॅप असं छोटं नाव दिलं आणि मग दुर्बिणीतून ती पुन्हा शिवायची पद्धत जगभर पसरली. हाडात बारीक खिळा बसवायचा, त्याला अँकर म्हणतात, त्यात ओवलेल्या दोऱ्यानं सुटलेली कड पुन्हा जागेवर बांधायची. ऐकायला सोपं. टिकवायला कठीण.

कारण ती जागा अशी आहे की तिथे रक्तपुरवठा मुळात कमी. वय चाळिशीच्या पुढे गेलं, साखर असली, तंबाखू-बिडी असली, की जुळणं आणखी सावकाश. (आपल्याकडे या तिन्ही गोष्टी एकाच माणसात सापडतात हे मी सांगायला नको.) त्यात खांद्यात वारंवार घेतलेल्या स्टेरॉइडच्या सुया. सुईनं चार महिने बरं वाटतं, पण तिथेच पुन्हा पुन्हा सुई मारली की कंडरा कमजोर होते, हे डॉक्टरांच्या पुस्तकातलंच आहे. आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या जातीच्या गोळ्या, ज्या आपल्याकडे तापाला, जुलाबाला, लघवीच्या जळजळीला चणेफुटाण्यासारख्या दिल्या जातात, त्यांनी कंडरा दुखावू आणि तुटू शकते, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००८ मध्येच पाकिटावर छापायला लावला. आपल्याकडे मेडिकलवाल्याला विचारा, तो म्हणेल "काही नाही होत, घ्या."

आता मुद्द्याचं. पहिलं ऑपरेशन बिघडतं ते नेहमी डॉक्टरच्या हातानं बिघडतं असं नाही. हे मी मुद्दाम आधी लिहितो, कारण खाली कमेंटमध्ये दवाखाने फोडायची भाषा सुरू होईल. टाका सैल पडू शकतो. अँकर हलू शकतो. सांधा आखडून बसू शकतो. खांद्यात सावकाश वाढणाऱ्या एका जातीच्या जंतूचा संसर्ग राहून जाऊ शकतो. त्याला ना ताप येतो ना पू, आणि प्रयोगशाळेत त्याचा नमुना दोन आठवडे ठेवला तरच कधी कधी तो सापडतो. रुग्णानं तिसऱ्याच आठवड्यात कट्टा उचललेला असू शकतो. आणि एक कारण असं आहे जे सगळ्यात जास्त खटकतं: मुळात दुखणं तिथलं नव्हतंच. मानेतून येत होतं, किंवा शेजारच्या दुसऱ्या कंडरेचं होतं, आणि एमआरआयमध्ये कड फाटलेली "दिसली" म्हणून तीच शिवली गेली.

एमआरआयमध्ये दिसणं आणि दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१६ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास छापून आला. ४५ ते ६० वयाच्या, खांदा अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे ५३ खांदे त्यांनी एमआरआयमध्ये घातले. दोन रेडिओलॉजिस्टनी वेगवेगळे वाचले. एकाला ७२ टक्क्यांत ही कड फाटलेली दिसली, दुसऱ्याला ५५ टक्क्यांत. माणसं ठणठणीत! म्हणजे उद्या आपल्या पारावर बसलेल्या पन्नाशीच्या लोकांना उचलून मशीनमध्ये घातलं, तर निम्म्याहून जास्त जणांच्या हातात "फाटली आहे" असा रिपोर्ट येऊ शकतो.

त्याच्या पुढचं ऐका. नॉर्वेमध्ये ११८ रुग्णांवर एक चाचणी झाली, २०१७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. सरासरी वय चाळीस. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. एका गटाची कड शिवली. दुसऱ्या गटात बायसेप्सची दोरी तिथून सोडवून दंडाच्या हाडाला बांधली. तिसऱ्या गटात नुसती दुर्बीण आत घालून पाहिलं आणि भोकं बंद केली, म्हणजे ऑपरेशनचं फक्त सोंग. दोन वर्षांनी हिशेब केला तर तिन्ही गटांत सांगण्यासारखा फरक नव्हता. यावरून सगळी ऑपरेशनं खोटी असा अर्थ काढू नका. गोलंदाजी करणाऱ्या वीस वर्षांच्या पोराचा खांदा वेगळा, पडून सांधा निखळलेला वेगळा, दोरी सरळ तुटलेली वेगळी. पण चाळिशीतल्या कष्टकरी माणसाला एमआरआयचा कागद दाखवून आठ दिवसांत टेबलावर घेण्याआधी तीन महिने व्यायाम करून बघू, असं म्हणणारा डॉक्टर भेटला तर त्याला कमी हुशार समजू नका. आपल्याकडे उलटंच आहे. जो लगेच ऑपरेशन सांगतो तो मोठा, जो व्यायाम सांगतो त्याला काही येत नाही.

बरं, पहिलं बिघडलंच तर दुसऱ्यात करतात काय? बहुतेक वेळा तीच कड दुसऱ्यांदा शिवत बसत नाहीत. दोरीचं वरचं टोक त्या कटकटीच्या जागेवरून कापून खाली आणतात आणि दंडाच्या हाडाला पक्कं बसवतात. टेनोडेसिस म्हणतात त्याला. वयस्क किंवा कमी वजन उचलणाऱ्या माणसात नुसतं कापून सोडूनही देतात. मग दंडाचा गोळा थोडा खाली सरकतो, बेडकी उतरल्यासारखी दिसते, पाना फिरवताना, स्क्रू पिळताना जोर कमी पडतो, पण कोपर वाकतो, कारण बायसेप्सचं दुसरं टोक शाबूत असतं. फ्रान्समधल्या डॉक्टर बोआलो यांच्या गटानं २००९ मध्ये २५ रुग्णांचा अनुभव मांडला. ज्यांची कड शिवली त्या १० पैकी ६ जण नाराज. ज्यांची दोरी थेट दंडाला बांधली त्या १५ पैकी १४ समाधानी. नाराजांपैकी चौघांचं दुसरं ऑपरेशन करून दोरी दंडाला बांधली, आणि त्यांचं दुखणं मार्गी लागलं. अभ्यास लहान आहे, खेळाडूंचा भरणा आहे, आपल्या हमालाला जसाच्या तसा लागू करता येणार नाही. तरी त्यातून एवढं कळतं की पहिलं फसलं म्हणजे खांदा मेला असं नाही. वाट आहे.

आता त्या वाटेवर चालायला आपल्या माणसाकडे काय आहे ते पाहू.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना. २०१२ च्या जुलैत राजीव गांधी जीवनदायी म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ मध्ये नाव बदललं, आणि २०२३ मध्ये सरकारनं निर्णय घेतला की सगळ्या रेशनकार्डधारकांना वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत संरक्षण, १३५६ प्रकारचे उपचार. चांगली योजना आहे. मी तिची टिंगल करणार नाही, आपल्या भागात कितीतरी हृदयं आणि कितीतरी गाठी तिच्यामुळे वेळेत टेबलावर गेल्या. पण तिच्या पॅकेजमध्ये घरी गेल्यानंतरची तपासणी आणि औषधं किती दिवसांची? दहा दिवसांची.

दहा दिवस! ब्लॉकेजच्या रुग्णाला, अपेंडिक्सच्या रुग्णाला ते चालत असेल. खांद्याची गोष्टच दहाव्या दिवसानंतर सुरू होते. चार ते सहा आठवडे झोळी. त्या काळात सांधा आखडू नये म्हणून ठरावीक कोनातच हालचाल, ती कोणीतरी शिकवावी लागते. दंडाला बांधलेल्या दोरीवर सहा आठवडे वजन नाही, अगदी भरलेली बादलीसुद्धा नाही. तीन महिन्यांनी हलका जोर. जड कामाला चार ते सहा महिने. यातलं निम्मं काम सर्जनचं नाही, फिजिओथेरपिस्टचं आहे. आणि केनवडच्या माणसाला त्यासाठी वाशीम किंवा अकोला गाठायचं, आठवड्यातून तीनदा, एका हातानं बसचा दांडा धरून, रोज बुडवून. कोण जातो? दोनदा जातो. तिसऱ्यांदा घरातलेच म्हणतात, "व्यायामच तर आहे, घरी कर ना." घरी कोण करतो? एक तर भीतीनं हात हलवतच नाही, सांधा लाकूड होतो. नाही तर सोयाबीनची सोंगणी आली की पन्नास किलोचा कट्टा पाठीवर घेतो, टाका तुटतो. दोन्हीकडून शेवट एकच. फाईलवर मात्र लिहिलेलं असतं: शस्त्रक्रिया यशस्वी.

सोळा लिटरचा फवारणी पंप पाठीवर घेऊन दिवसभर एका हातानं दांडी मारून बघा म्हणजे कळेल खांदा काय चीज आहे. आपल्याकडचं सगळं काम खांद्यावरचं. आणि खांद्याचा विमा? गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत मृत्यूला २ लाख, एक हात किंवा एक डोळा गेला तर १ लाख. हात जागेवर आहे पण डोक्याच्या वर जात नाही, त्याला काय? त्याचा रकाना नाही. माथाडी कायदा १९६९ चा आहे, देशात नावाजलेला. पण नोंदणी नसलेल्या, आज या आडतीवर उद्या त्या ट्रकवर जाणाऱ्या पोराला त्यातलं काय मिळतं ते त्यालाच विचारा.

यावर कोणी म्हणेल, खेळाडूंचंही असंच होतं की. होतं. २०१८ चं वृद्धिमान साहाचं प्रकरण क्रिकेटवाल्यांना आठवत असेल. जानेवारीत केपटाऊनच्या कसोटीत मांडीचा स्नायू दुखावून परतला, पुढे खांदा निघाला, बंगळुरूच्या अकादमीत उपचार, खांद्यात इंजेक्शनं, तरी दुखणं हटेना, आणि शेवटी मँचेस्टरला डॉक्टर लेनर्ड फंक यांच्याकडे खांद्याच्या वाटीच्या कडेचं ऑपरेशन. त्याचं हे पहिलंच ऑपरेशन, दुसरं नव्हे. पण उपचारात हलगर्जी झाली असा ओरडा झाला आणि जुलैत बीसीसीआयला तारीखवार पत्रक काढावं लागलं. कोणत्या दिवशी कुठे तपासलं, कधी स्कॅन, कधी इंजेक्शन, कोणता डॉक्टर. सगळं. गडी वर्षभरानं परतला आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये आपल्या पुण्याच्या गहुंजेला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्यानं यष्टींमागे जे झेल घेतले ते पाहिलेले लोक अजून बोलतात. आपल्या सचिनचा खांदाही मार्च २००६ मध्ये लंडनला उघडला होता, सप्टेंबरात क्वालालंपूरला त्यानं वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद १४१ काढल्या. मधल्या सहा महिन्यांत त्याच्यामागे कोण कोण उभं होतं ते आपण जाणतो.

माझा मुद्दा साहाच्या त्या पत्रकाचा आहे. तारीखवार हिशेब. आपल्या माणसाकडे काय असतं? एक प्लास्टिकची पिशवी. त्यात एमआरआयची फिल्म, दोन-तीन मेडिकलची बिलं आणि डिस्चार्ज कार्ड, ज्यावर दोन ओळी आणि न वाचता येणारी सही. पहिल्या वेळी आत काय दिसलं, कड कितपत फाटली होती, किती अँकर टाकले, कोणत्या कंपनीचे, विरघळणारे की धातूचे, यातलं काहीच नाही. आता दुसऱ्या सर्जननं काय करायचं? धातूचा अँकर असला तर त्यानं एमआरआयमध्ये चित्र बिघडतं, नवा खिळा कुठे बसवायचा हेही जुना कुठे आहे त्यावर ठरतं. ज्या माणसाला दुसऱ्यांदा उघडायचं आहे त्याच्यासाठी पहिल्या ऑपरेशनची नोंद म्हणजे सातबारा आहे. तो नसेल तर व्यवहार करणार कसा?

आणि ही नोंद मागणं म्हणजे डॉक्टरशी भांडण नाही. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांतच लिहिलं आहे: भरती रुग्णाची नोंद तीन वर्षं जपायची आणि रुग्णानं मागितली तर ७२ तासांत द्यायची. आपल्या राज्यानं २०२१ च्या जानेवारीत नर्सिंग होमचे नियम सुधारले, त्यात रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं आलं. कोणत्या दवाखान्यात ते कॅलेंडरच्या मागे लपलंय ते तुम्हीच बघा. डॉक्टरची सेवा ग्राहक कायद्यात येते हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच सांगितलं आहे, आणि तक्रारीची मुदत दोन वर्षं. पण परत सांगतो, ऑपरेशन फसणं म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. न्यायालयंही तसं मानत नाहीत. निष्काळजीपणा आहे की नाही हे ठरवायलाही आधी कागद लागतो. चांगल्या डॉक्टरला वाचवणाराही तोच कागद आहे.

पैशाचंही बघा. हृदयातल्या स्टेंटची किंमत केंद्रानं फेब्रुवारी २०१७ मध्ये बांधली, गुडघ्याच्या वाटीची ऑगस्टमध्ये. खांद्यातल्या या खिळ्यांना तशी कमाल किंमत ठरवलेली नाही. म्हणून ऑपरेशनआधी "किती अँकर, एकाची किंमत किती" हे विचारा आणि पाकिटावरचा स्टिकर मागून फाईलला चिकटवून घ्या. दुसऱ्या मतासाठी दुसऱ्या शहरात जायला लाजू नका. योजनेत बसतं का ते १५५३८८ वर फोन करून किंवा रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून आधी पक्कं करा, पैसे भरल्यावर नव्हे.

आता लोकप्रतिनिधींना. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं, उद्घाटनाचे फ्लेक्स आपण सगळ्यांनी पाहिले. छानच झालं. आता त्या फ्लेक्सच्या खर्चाच्या एका कोपऱ्यात होईल असं काम सांगतो. रिसोडच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून दोन ठरलेल्या दिवशी फिजिओथेरपिस्ट बसवा आणि त्याच दिवशी खांदा, गुडघा, कंबर अशा ऑपरेशन झालेल्या लोकांना बोलवा. त्याला मोठं मशीन लागत नाही. एक खोली, एक कॉट, भिंतीला एक कप्पी आणि दोर, चार रबरी पट्टे. आणि आमदार-खासदारांनी मुंबईला योजनेची बैठक असेल तेव्हा एवढंच विचारावं की हाडांच्या ऑपरेशनला दहा दिवसांऐवजी तीन महिन्यांची फिजिओथेरपी पॅकेजमध्ये का नाही. तीस-चाळीस हजारांचं ऑपरेशन करायचं आणि चारशे रुपयांच्या व्यायामावाचून ते वाया घालवायचं, मग पुन्हा ऑपरेशन करायचं, हा कोणता हिशेब? आकडे अंदाजाचे आहेत, दवाखान्यागणिक बदलतील. हिशेब बदलणार नाही.

वर ज्या माणसाचं बोलणं लिहिलं त्याचं दुसरं ऑपरेशन अजून व्हायचं आहे. पहिल्या दवाखान्यातून नोंदी काढायला अर्ज मी लिहून दिला, पोच घेतली आहे. तुमच्या घरात, गल्लीत कोणाचं खांद्याचं ऑपरेशन होऊन सहा महिने झाले असतील आणि हात वर जात नसेल, तर इनबॉक्समध्ये कळवा. नाव छापणार नाही. अर्जाचा मराठी नमुना पहिल्या कमेंटमध्ये टाकतोय, फक्त तारखा भरायच्या.